तंगडीला घाई चालत नाही

वसंत ऋतूत अमेरिकेच्या जंगलांत रानटर्कीच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. पहाटेच्या अंधारात झाडाच्या बुंध्याशी टेकून बसायचं, मादीच्या आवाजाची नक्कल करत नराला भुलवायचं आणि टप्प्यात आला की बार काढायचा, अशी ही शिकार. पूर्ण वाढलेला नर सात ते दहा किलो भरतो. इतका मोठा पक्षी हाती आल्यावर बरेच शिकारी चाकूनं छातीचे दोन जाड तुकडे तेवढे काढून घेतात. मांड्या, तंगड्या, पंख, पाठ हे सगळं तिथंच राहतं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: वातड लागतं, दातांना दाद देत नाही.

अमेरिकेच्या अनेक राज्यांत शिकारीचं खाण्याजोगं मांस वाया घालवणं हा गुन्हा आहे. पण खाण्याजोगं कशाला म्हणायचं, याबद्दल कायद्यांतही एकवाक्यता नाही. अलास्कात लहान पक्ष्यांची फक्त छाती नेली तरी चालते. क्रौंच, रानहंस आणि हंस यांच्या मात्र मांड्या आणि तंगड्याही न्याव्याच लागतात. थोडक्यात, तंगडी हे अन्न आहे की कचरा, हा प्रश्न तिथं थेट नियमपुस्तकापर्यंत गेलेला आहे.

स्वयंपाकघराच्या बाजूनं पाहिलं तर या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. रानपक्ष्याच्या एकाच शरीरात दोन वेगळ्या स्वभावांची मांसं असतात आणि त्या दोघांना एकाच आचेवर, एकाच वेळेत शिजवायला गेलं की त्यातलं एक बिघडणारच. छातीला जे मानवतं ते तंगडीला मारक ठरतं. तंगडीला काय मानवतं हे समजून घ्यायचं, तर आधी तो पक्षी जगला कसा हे पाहावं लागतं.

एक पक्षी, दोन मांसं

रानटर्की, फेझंट, ग्राउज, तित्तर, आपली घरची कोंबडी हे सगळे एकाच गोतावळ्यातले, जमिनीवर वावरणारे पक्षी. दिवसभर पायांनी माती उकरायची, बी-किडे टिपायचे, चालत राहायचं हा त्यांचा दिनक्रम. रानटर्की वेळ आली तर ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास धावू शकते. उडते ती जीव वाचवायला आणि रात्री झाडावर बसायला. ते उडणंही कसं, तर एकदम फडफडाट करत उसळायचं, थोडं अंतर कापायचं आणि खाली उतरायचं.

या दोन कामांसाठी स्नायूही दोन प्रकारचे लागतात. तासन्‌तास चालणाऱ्या पायांना सतत प्राणवायू हवा असतो. तो स्नायूतच साठवून ठेवणारं मायोग्लोबिन नावाचं लोहयुक्त प्रथिन पायांत भरपूर असतं, म्हणून तंगडीचं मांस गडद. उलट छातीच्या स्नायूंना क्षणभर जोर लावून मग विसावायचं असतं. ते साठवलेल्या साखरेवर चालतात, त्यांना मायोग्लोबिनची फारशी गरज नसते, म्हणून फेझंटची किंवा कोंबडीची छाती फिकी.

बदक, कबुतर, रानहंस यांचं गणित निराळं. हजारो मैलांची स्थलांतरं करणाऱ्या बदकाची छातीही गडद लालच असते, कारण तिला थांबून चालत नाही. आता गंमत अशी की हीच गडद छाती तव्यावर काही मिनिटांत मऊसूत होते, आणि जवळपास त्याच रंगाची फेझंटची तंगडी तेवढ्या वेळात चाववतही नाही. तेव्हा लाल म्हणजे वातड आणि पांढरं म्हणजे मऊ, हा हिशेब खोटा आहे. रंगावरून तो स्नायू काय काम करत होता एवढंच कळतं. झाबुआच्या कडकनाथ कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्या मांसाचा काळा रंग तर मायोग्लोबिनचाही नाही, मेलॅनिनचा आहे. वातडपणा ठरतो तो स्नायूच्या रंगावर नव्हे, स्नायूला बांधून ठेवणाऱ्या जाळ्यावर.

तीन पदरांचा पीळ

स्नायू म्हणजे बारीक तंतूंच्या जुड्या. प्रत्येक जुडीला एक पातळ वेष्टण, अशा अनेक जुड्यांना मिळून आणखी एक, आणि शेवटी हे सगळे पदर एकत्र येऊन कंडरेच्या रूपानं हाडाला चिकटतात. या वेष्टणांचं आणि कंडरांचं मुख्य द्रव्य म्हणजे कोलॅजेन. त्याची रचना उलगडण्यात भारताचा वाटा मोठा आहे. १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कोलॅजेनचा रेणू तीन साखळ्यांचा बनलेला असल्याचं मांडलं. पुढच्याच वर्षी त्यांनी या तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असल्याचं दाखवलं. साखळीतला दर तिसरा घटक ग्लायसीन हा सगळ्यात छोटा अमिनो आम्लाचा रेणू असतो, म्हणून तिन्ही साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट बिलगू शकतात.

हे जाळं किती पक्कं, हे वयावर अवलंबून असतं. पक्षी वाढतो तसे शेजारशेजारच्या कोलॅजेन रेणूंमध्ये आडवे सांधे तयार होतात. कोवळ्या वयात हे सांधे कमी असतात आणि उष्णतेनं लवकर सुटतात. वय वाढलं की ते पक्के होतात आणि उष्णतेलाही सहजासहजी बधत नाहीत. आपल्या दुकानातली ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असते, तिला सांधे पक्के करायला वेळच मिळालेला नसतो. अर्ध्या तासात ती शिजते त्याचं कारण हे. शिकारीत मिळालेला टर्कीचा नर दोन-तीन वर्षांचा असू शकतो, आणि त्यानं तो सगळा काळ पायांवर काढलेला असतो.

तंगडीच्या खालच्या भागात आणखी एक अडचण असते. टर्की, फेझंट यांसारख्या पक्ष्यांच्या पायातल्या कंडरांमध्ये वयाबरोबर खनिजं साठत जातात आणि त्यांची अक्षरशः हाडं होतात. हाडं कशी घडतात याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ टर्कीच्या पायातली कंडरा नमुना म्हणून वापरतात, ती याचमुळे. या कडक काड्या कितीही शिजवल्या तरी विरघळत नाहीत. इंग्लंडमधले जुने कोंबडीविक्रेते पक्षी साफ करतानाच त्या उपसून काढत. पंजाच्या वरचं हाड मोडायचं, पंजा आकड्यात अडकवायचा आणि पक्षी खाली ओढायचा, की पंजाबरोबर कंडरांची अख्खी जुडी बाहेर येते. हे आधी केलं नाही तर शिजल्यावर, माशातून काटे वेचावेत तशा एकेक काड्या वेचाव्या लागतात.

मधला वाईट तास

मांस तापू लागलं की दोन गोष्टी घडतात आणि त्या एकमेकींच्या विरोधात असतात.

पन्नास अंश सेल्सियसच्या पुढं स्नायुतंतूंमधली प्रथिनं गोठायला लागतात. साठ-पासष्ट अंशांच्या सुमारास कोलॅजेनची वेष्टणं आखडतात आणि आतल्या तंतूंना पिळून पाणी बाहेर काढतात. सत्तर अंशांपर्यंत मांसातलं बरंचसं पाणी गेलेलं असतं. छातीच्या मांसाची कथा इथंच संपते: त्यात कोलॅजेन थोडंच असतं, त्यामुळे जास्त शिजवून मिळवायचं काही नसतं, गमवायचं तेवढं असतं.

तंगडीच्या बाबतीत खरं काम सत्तरच्या पुढं सुरू होतं. आखडलेल्या कोलॅजेनचा पीळ सुटायला लागतो, साखळ्या विलग होतात, पाण्यात मिसळतात आणि त्यांचं जिलेटिन बनतं. सत्तर अंशांना हे अगदी संथ चालतं, ऐंशी ते पंचाण्णवच्या दरम्यान बऱ्यापैकी वेगानं. तंतू मात्र तोवर कोरडे पडलेले असतातच. तरी मऊ शिजलेली तंगडी खाताना कोरडी लागत नाही, कारण तंतू बांधून ठेवणारं जाळं गेलेलं असतं आणि त्या जागी बोटांना चिकटणारं जिलेटिन आलेलं असतं. रानपक्ष्याच्या मांसात चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे ओलसरपणा आणि भरीवपणा यायचा तो या जिलेटिनमधूनच.

हे सगळं भांड्यात कसं दिसतं ते पाहू. जाड बुडाच्या भांड्यात फेझंटच्या चार तंगड्या मांड्यांसकट तुपावर किंवा तेलावर तांबूस परतून घेतल्या. त्याच तेलात कांदा, गाजर, सेलरी परतली. पेलाभर सफरचंदाचं सायडर किंवा वाइन घालून बुडाला चिकटलेलं खरवडून घेतलं. मग मांस निम्मं बुडेल एवढाच रस्सा घालून झाकण लावलं आणि आच इतकी मंद ठेवली की कडेला एखादाच बुडबुडा यावा. वीस मिनिटांनी झाकण उघडलं तर कातडी आखडलेली दिसते, तंगडीच्या टोकाला मांस वर सरकून हाडाचं बोंडूक उघडं पडलेलं असतं. तुकडा कापून चाखला तर तो नीट शिजलेला, पण रबरी. तासाभरानं काटा खुपसला तर आत जाण्याऐवजी मांसच भांड्यात सरकतं. आता तुकडा चाखला तर आधीपेक्षाही वाईट: पाणी गेलेलं आहे आणि कोलॅजेन अजून सुटलेलं नाही.

नेमक्या या टप्प्यावर स्वयंपाक्याचा धीर सुटतो. कुणी आच वाढवतो, तर कुणी मांसच खराब निघालं म्हणून भांडं उतरवतो. जास्त शिजल्यामुळे वातड झालं, असं म्हणणारे आणि कमी शिजल्यामुळे वातड राहिलं, असं म्हणणारे, दोघंही याच तासाबद्दल बोलत असतात. आच वाढवून फायदा होत नाही. रस्सा खदखदा उकळला तरी उघड्या भांड्याचं तापमान शंभर अंशांवर जात नाही. उसळ्यांनी फक्त बाहेरचे तंतू झिजतात आणि रस्सा गढूळ होतो.

भांडं तसंच ठेवलं तर दीड-पावणेदोन तासांनी काट्याला वाट मिळू लागते. दोन-अडीच तासांनी तंगडीचं हाड चिमटीत धरून फिरवलं की ते मांसातून अलगद सुटतं. रस्सा चमच्यावरून ओघळताना जरा रेंगाळतो. तंगडी शिजल्याची खूण ही. घड्याळ फार तर अंदाज देतं: फेझंटला दीड ते अडीच तास, रानटर्कीला तीन ते चार, आणि जुन्या नराला त्याहून जास्त. अन्नसुरक्षेसाठी पक्ष्याचं मांस आतपर्यंत ७४ अंशांना पोहोचलं पाहिजे, असं अमेरिकेच्या कृषी खात्याचं सांगणं आहे. तंगडी तर त्याच्या बरीच पुढं जाते, त्यामुळे इथं ती काळजी उरत नाही.

दोन गोष्टी आधीच करून ठेवल्या तर फरक पडतो. एक म्हणजे मीठ. मांसाच्या वजनाच्या दीड टक्का, किलोला पंधरा ग्रॅम, मीठ चोळून तंगड्या रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्या तर मीठ आतपर्यंत मुरतं आणि तंतू पाणी जरा जास्त धरून ठेवतात. दुसरी गोष्ट शेवटची: शिजलेलं मांस रश्श्यातच गार होऊ द्यायचं. गार होताना ते थोडा रस्सा परत ओढून घेतं, जिलेटिन घट्ट होऊन तंतूंना लपेटतं. असा पदार्थ दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागतो. टर्कीच्या तंगड्यांतल्या त्या कडक काड्या वेचायलाही हीच वेळ सोयीची. मग सुटं केलेलं मांस तव्यावर थोड्या चरबीत कुरकुरीत करायचं आणि टॉर्टियात गुंडाळायचं, ही मेक्सिकन कार्निटासची पद्धत अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या घरांत चांगली रुळली आहे. कार्निटास मूळची डुकराच्या मांसाची, पण तंगडीला ती तंतोतंत बसते.

चरबीत बुडवून

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला गास्कनी प्रांतात याच कामासाठी रश्श्याऐवजी चरबी वापरतात. बदकाच्या किंवा हंसाच्या तंगड्यांना मीठ लावून रात्रभर ठेवायचं, मीठ झटकून त्या बदकाच्याच वितळलेल्या चरबीत पूर्ण बुडवायच्या आणि ऐंशी-नव्वद अंशांवर काही तास ठेवायच्या. तळण्याशी याचा संबंध नाही. चरबीत क्वचितच बुडबुडा येतो. मांस मऊ झालं की मातीच्या भांड्यात भरून वर चरबीचा जाड थर द्यायचा. फ्रिज नव्हते त्या काळी हिवाळ्याची बेगमी अशी होत असे. या पदार्थाला कॉन्फी म्हणतात.

चरबी मांसात शिरून ते मऊ करते, असा समज आहे. प्रत्यक्षात चरबी स्नायूच्या आत जात नाही. कोलॅजेनचं जिलेटिन होतं ते मांसाच्या स्वतःच्या पाण्यामुळेच. चरबीचं काम तापमान एकसारखं राखण्याचं आणि हवेला दूर ठेवण्याचं. रानबदकाच्या अंगावर एवढी चरबी नसते, म्हणून शिकारी पाळीव बदकाची चरबी विकत आणतात आणि तीच गाळून पुन्हा पुन्हा वापरतात.

पापँची कबुतरं

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना कुकरचा विचार आला असेल, आणि तो रास्त आहे. कुकरच्या जन्माशीच हाडं आणि पक्षी जोडलेले आहेत.

द्नी पापँ हा फ्रेंच संशोधक १६७९ साली लंडनमध्ये काम करत असताना त्यानं घट्ट झाकणाचं भांडं बनवलं. आत वाफ कोंडली की दाब वाढतो, आणि दाब वाढला की पाणी शंभर अंशांच्या वर तापतं. भांडं फुटू नये म्हणून त्यानं त्याला वजनाची झडप बसवली. आपल्या कुकरची शिट्टी ही तिचीच वंशज. १६८१ साली त्यानं या यंत्रावर पुस्तक काढलं, आणि त्याचा विषय हाडं मऊ करणं हाच होता. पुढच्या वर्षी, १२ एप्रिल १६८२ रोजी, रॉयल सोसायटीच्या सदस्यांसाठी या भांड्यात रांधलेलं जेवण झालं. इंग्रज रोजनिशीकार जॉन एव्हलिन त्या पंगतीला होता. त्यानं रोजनिशीत नोंदवलं आहे की गाय-मेंढीची टणक हाडं चीजसारखी मऊ झाली होती, पण सगळ्यांवर कडी केली ती कबुतरांनी. ती बाहेरून पाणी न घालता स्वतःच्याच रसात शिजली होती. आपल्याकडच्या भाषेत, अंगच्या पाण्यात.

घरातला कुकर पूर्ण दाबाला साधारण १२० अंशांपर्यंत जातो. त्या तापमानाला कोलॅजेन फार वेगानं सुटतं, त्यामुळे टर्कीच्या तंगडीचं तीन-चार तासांचं काम तासाभरात आटोपतं. पण कुकरमध्ये मधेच उघडून काट्यानं पाहता येत नाही, आणि दहा-पंधरा मिनिटं जास्त झाली तर तंतूंचा चोथा होतो. शिट्ट्या मोजण्यापेक्षा पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून मिनिटं मोजणं जास्त भरवशाचं. आणि वाफ हातानं काढायची नाही. दाब एकदम उतरला की मांसातलं तापलेलं पाणी आतल्या आत उसळतं आणि तंतू कोरडे पडतात. कुकर आपोआप निवू द्यावा.

पपई, सिरका आणि टांगलेले फेझंट

वातड मांसावरचे घरगुती इलाज बरेच आहेत, आणि त्यांतला प्रत्येक इलाज थोडासाच खरा आहे.

कच्च्या पपईतलं पपेन हे विकर स्नायूची प्रथिनंही तोडतं आणि कोलॅजेनही. पण ते मांसात खोलवर जात नाही. अख्ख्या तंगडीला पपई चोळून ठेवली तर बाहेरचा थर लगद्यासारखा होतो आणि आतला भाग होता तसाच राहतो. पपईचा उपयोग खिम्याला किंवा पातळ कापांना. सिरका, ताक, लिंबू यांचंही तसंच: आम्लामुळे पृष्ठभागाजवळचं कोलॅजेन फुगतं, सैल होतं, चव मुरते, पण तीन तास शिजवायचं काम त्यानं वाचत नाही.

इंग्लंडमध्ये फेझंट पिसांसकट थंड कोठारात काही दिवस टांगून ठेवायची जुनी रीत आहे. फ्रेंच लेखक ब्रिया-सावाराँ यानं १८२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात अशा मुरवलेल्या फेझंटची तोंडभरून स्तुती केली आहे. टांगलेल्या मांसात त्याच्याच पेशींमधली विकरं स्नायुतंतू सैल करतात आणि चवही गडद होते. कोलॅजेनवर मात्र या विकरांचा परिणाम अगदी थोडा. म्हणून टांगण्याचा खरा फायदा छातीला होतो, तंगडीला नाही. आपल्या हवेत तर हा प्रयोग करण्यात अर्थच नाही.

पक्ष्याचं वय आधी ओळखता आलं तर निम्मं काम सोपं होतं. फेझंटच्या आणि टर्कीच्या नराच्या पायामागचा काटा कोवळ्या वयात आखूड आणि बोथट असतो, जुन्या नराचा लांब आणि टोकदार. ब्रिटनमध्ये ग्राउजचा हंगाम १२ ऑगस्टला उघडतो आणि १० डिसेंबरला संपतो. हंगामाच्या सुरुवातीला मिळणारे त्या वर्षीचे कोवळे पक्षी भट्टीत अख्खे भाजायला आणि जुने पक्षी झाकणाच्या भांड्यात शिजवायला, अशी तिथल्या स्वयंपाक्यांची सरळ वाटणी असते.

एक धोका मात्र शिजवून टळत नाही. बंदुकीच्या छऱ्यांत शिसं असेल तर त्याचे सूक्ष्म कण मांसात पसरलेले असतात आणि ते नजरेला दिसत नाहीत. वाइन किंवा सिरक्याच्या आम्लात शिसं जास्त विरघळतं, म्हणजे संथ शिजवण्याच्या या पद्धतीत धोका वाढण्याचीच शक्यता. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत. तिथं पोलादी किंवा इतर धातूंचे छर्रे वापरावे लागतात. लहान मुलांनी आणि गरोदर स्त्रियांनी शिशाच्या छऱ्यांनी मारलेलं मांस शक्य तितकं कमी खावं, असा सल्ला ब्रिटनची अन्नविषयक सरकारी यंत्रणाही देते.

आपल्याकडे हे कशावर लागू

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तित्तर, लावा, रानकोंबडा यांसारख्या पक्ष्यांच्या शिकारीला मज्जाव आहे. तेव्हा फेझंटच्या जागी माळावरचा तित्तर धरून वाचण्याचा हा लेख नाही. पण याच शास्त्रात चपखल बसणारा एक पक्षी आपल्या अंगणातच आहे: उकिरडे उकरत, दिवसभर चालत वाढलेला गावरान कोंबडा. तो रानातला नसला तरी त्याचे पाय रानपक्ष्यासारखेच राबलेले असतात.

आपल्या बायकांनी त्याच्यासाठी शोधलेली पद्धत फेझंटच्या भांड्यापेक्षा फार वेगळी नाही. तुकड्यांना हळद, मीठ, आलं-लसूण लावून ठेवायचं. थोड्या तेलावर परतून ताटलीनं झाकायचं आणि ताटलीत पाणी ओतायचं. खाली मांस अंगच्या पाण्यात शिजतं, ताटलीला लागलेली वाफ पुन्हा भांड्यात गळते, आणि वरचं पाणी तापलं की तेच आत घालायचं. गार पाणी ओतलं तर भांड्याची आच मोडते आणि कोलॅजेन सुटायचं काम तेवढा वेळ थांबतं. असा तास-दीड तास गेला की तळाशी जे पिवळसर, किंचित चिकट पाणी तयार होतं ते अळणी. वाटीत घेऊन गार होऊ दिलं तर ते थरथरतं. तंगड्यांतून सुटलेलं जिलेटिन ते हेच. घरात कुणी आजारी असेल, बाळंतीण असेल, तर पहिली वाटी तिची. मग त्याच अळणीत वाटण पडतं आणि रस्सा होतो. कोल्हापूरच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला जे अंग येतं तेही मटणाच्या अशाच अळणीमुळे.

तंगडीचं शास्त्र आपल्या चुलीला ठाऊक होतंच. राहून गेलं ते छातीचं. कोंबडा कापून आणला की सगळे तुकडे एकाच वेळी एकाच भांड्यात जातात. तंगडी मऊ होईपर्यंत छातीचे तुकडे कोरडे, चोथट होतात, आणि पंगतीत ते कुणाच्याही पानात पडले की तो ते नुसते रश्श्यात बुडवून संपवतो. अमेरिकेतल्या मराठी घरांत नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला टर्की आणली जाते, तिचंही हेच होतं. अख्खी भाजली की तंगडी शिजेपर्यंत छाती वाळते. पाळीव टर्कीच्या तंगड्यांत कडक काड्याही असतातच.

यावर तोडगा सोपा आहे आणि त्याला खर्च नाही. दुकानात कोंबडा कापून घेतानाच छातीचे तुकडे वेगळ्या पिशवीत मागावेत. मांड्या, तंगड्या, पंख, मान, पाठ आधी चढवावं आणि हाड फिरवून पाहावं. ते सैल व्हायला लागलं की मगच छातीचे तुकडे त्याच रश्श्यात सोडावेत आणि वीसेक मिनिटांत भांडं उतरवावं. कुकर वापरायचा तर आधी फक्त तंगड्यांना वीस-पंचवीस मिनिटं द्यावीत, कुकर निवल्यावर छाती घालून उघड्यावर शिजवावी. टर्कीच्या बाबतीत तंगड्या आदल्या दिवशीच कापून वेगळ्या शिजवाव्यात आणि सणाच्या दिवशी भट्टीत फक्त छाती ठेवावी. टेबलावर अख्खा पक्षी मांडण्याची शोभा जाईल, पण पक्षी दोन्ही बाजूंनी खाण्यासारखा होईल.